नोटा छापता येतात, तर कर कशाला?

१. नाशिकरोडचा प्रश्न

कराचा विषय निघाला की कुणी ना कुणी विचारतंच: नोटा छापायचा कारखाना सरकारचाच आहे, आपल्या नाशिकरोडला. मग आमच्या खिशात हात घालायची गरज काय? लागतील तेवढ्या नोटा छापाव्यात आणि रस्ते, दवाखाने, शाळा बांधाव्यात. प्रश्न भाबडा वाटतो, पण तो टाळून पुढं गेलं तर कराबद्दलचं बाकीचं सगळं अर्धवटच कळतं.

नाशिकरोडला नोटा छापल्या जातात हे खरं. मात्र त्या सरकारच्या तिजोरीत जात नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेकडे जातात आणि बँक त्या चलनात आणते. फक्त एक रुपयाची नोट भारत सरकारची. म्हणून तिच्यावर गव्हर्नरऐवजी अर्थसचिवांची सही असते.

समजा, सरकारला एक धरण बांधायचं आहे. त्याला सिमेंट लागतं, लोखंड लागतं, डिझेल लागतं, इंजिनियर लागतात आणि हजारो मजूर लागतात. नवी नोट छापली म्हणून सिमेंटचं एक पोतंसुद्धा वाढत नाही. नव्या नोटा घेऊन सरकार बाजारात उतरलं, तर घर बांधणारा माणूस आणि सरकार त्याच पोत्यांवर बोली लावू लागतात आणि भाव चढतो. सगळ्याच वस्तूंचं असं झालं की ती महागाई. कर घेतला की मात्र लोकांची खरेदी थोडी कमी होते आणि तेवढं सिमेंट, तेवढं डिझेल, तेवढी माणसं धरणासाठी मोकळी होतात. करातून सरकार वरवर पैसे गोळा करतं. खरं म्हणजे ते समाजाच्या सामग्रीचा एक हिस्सा सार्वजनिक कामाकडे वळवत असतं.

नोटा छापून केलेला खर्चसुद्धा फुकट नसतोच. ज्याच्याकडे जमीन किंवा सोनं आहे, त्याच्या मालमत्तेची किंमत महागाईबरोबर वाढत जाते. जिची बचत डब्यातल्या नोटांत आहे आणि जिची मजुरी वर्षातून एकदा, तीही भांडून वाढते, त्या बाईचं नुकसान सगळ्यात जास्त. तिच्याकडून हा करच घेतला जातो, फक्त न सांगता आणि कुठल्याही सभागृहात मत न घेता. झिंबाब्वेत सरकारनं या वाटेनं जायचं ठरवलं आणि २००९ साली तिथं शंभर लाख कोटी डॉलरची एक नोट निघाली. आपल्याकडेही एके काळी केंद्र सरकार तूट भरून काढायला रिझर्व्ह बँकेकडून जवळजवळ आपोआप उचल घेऊ शकत असे. ती सोय १९९७ साली बंद करण्यात आली. माझ्या मते स्वतंत्र भारतातल्या मोठ्या आणि कमी चर्चा झालेल्या सुधारणांपैकी ही एक आहे.

२. तळमजल्याचं म्हणणं

बरं, नोटा छापायच्या नाहीत. मग ज्याला जी सेवा हवी त्यानं तिचे पैसे द्यावेत. सिनेमाचं तिकीट काढतो तसं रस्त्याचं, पोलिसांचं, दवाखान्याचं तिकीट का असू नये?

कोणत्याही हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आठवून पाहा. तळमजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, मी लिफ्ट वापरत नाही, मी पैसे का देऊ? चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, आमच्याकडे गाडी नाही, पार्किंगच्या फरशा आमच्या पैशांनी कशाला? एवढ्यावर वाद तरी घालता येतो. पण पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वॉचमन यांचं काय? जिन्यातला दिवा पैसे देणाऱ्यापुरता लागत नाही. वॉचमन रात्री चोराला अडवतो तेव्हा थकबाकीदाराचं घरही वाचतं. मेंटेनन्स ऐच्छिक केला, तर दोन-चार जण हात आखडता घेतील, त्यांचं बघून आणखी दहा जण घेतील आणि एका उन्हाळ्यात पंप बंद पडेल. पंप सगळ्यांना हवा असतो, तरीही बंद पडेल. म्हणून सोसायटी मेंटेनन्स सक्तीचा करते आणि तो किती असावा, कशावर खर्च व्हावा हे सभेत ठरवते. सक्ती आणि सभा या दोन गोष्टी जोडीनं येतात हे लक्षात ठेवू. पुढं त्याची गरज पडणार आहे.

देशाच्या पातळीवर अशा सेवा भरपूर आहेत. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. जुने पुणेकर त्याला अजून सिमला ऑफिस म्हणतात. चक्रीवादळाचा इशारा निघाला की तो मालवणच्या मच्छीमारालाही कळतो आणि मुंबईच्या बंदरालाही. पैसे भरले त्यांनाच वादळ कळवायचं, असं करता येत नाही आणि करूही नये. पोलिओचं तेच. भारतात या विषाणूच्या नैसर्गिक प्रकाराचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपला भाग पोलिओमुक्त जाहीर केला. लस विकत घ्यावी लागली असती, तर ज्यांना परवडली त्यांनी घेतली असती, बाकीच्या वस्त्यांत विषाणू फिरत राहिला असता आणि लस घेतलेल्यांच्या शेजारीही धोका उरला असता. घरोघर जाऊन फुकट दोन थेंब पाजले म्हणूनच तो गेला. ते थेंब आपल्याला फुकट होते; त्यांची किंमत करातून दिली गेली होती.

म्हणून कर म्हणजे सेवेची किंमत नव्हे. मी इतका भरला, मला तितकं मिळायला हवं, हा हिशोब दुकानात बरोबर आहे. इथं तो लावला, तर पहिल्याच दिवशी वादळाचा इशारा बंद करावा लागेल.

३. कर भरतं कोण?

आपल्या बोलण्यात ‘करदाते’ हा शब्द आयकर भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. आम्ही कर भरायचा आणि सरकारनं तो बाकीच्यांवर उधळायचा, अशी तक्रारही त्यातूनच येते. ती कितपत खरी आहे ते एका मोबाइल रिचार्जवर तपासू.

रिचार्ज २९९ रुपयांचा आहे. दूरसंचार सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो या २९९ रुपयांतच धरलेला असतो. २९९ ला १.१८ नं भागलं की मूळ किंमत निघते: २५३ रुपये ३९ पैसे. उरलेले ४५ रुपये ६१ पैसे हा कर, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. ऊसतोड कामगाराचा मुलगा रिचार्ज मारतो तेव्हा तो कर भरतो. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं यांवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. तोही तो भरतो. एसटी आणि मालट्रक ज्या डिझेलवर चालतात त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे, म्हणून तिकिटाच्या आणि भाजीच्या दरातून तोही त्याच्यापर्यंत पोचतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण डिझेल, पाइप, ट्रॅक्टर आणि घरातला साबण घेताना शेतकरीही कर भरत असतो. या देशात कर न भरणारा माणूस जवळजवळ नाही.

वस्तूंच्या किमतीत मिसळलेला असा कर म्हणजे अप्रत्यक्ष कर. दुकानदार तो गोळा करतो, सरकारकडे भरतो आणि ग्राहकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. गोळा करायला तो सोपा आहे, पण त्यात एक मोठं वैगुण्य आहे. महिना १२ हजार कमावणाऱ्याच्या मिळकतीत ४५ रुपये ६१ पैसे म्हणजे साधारण ०.३८ टक्के. महिना दोन लाख कमावणाऱ्याला तोच रिचार्ज ०.०२ टक्क्यांच्या आसपास पडतो. रक्कम सारखी असली, तरी ओझं सोळा पटींहून अधिक वेगळं. ऐपतीप्रमाणे भार टाकायचा असेल तर दुसरा कर लागतो, माणसाच्या मिळकतीकडे बघून घेतलेला. तो प्रत्यक्ष कर; आयकर हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा.

४. पायरी चढली म्हणून सगळं गेलं का?

आयकराबद्दलचा एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यापायी लोक पगारवाढीलासुद्धा बिचकतात: वरच्या टप्प्यात गेलो की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागणार.

तसं होत नाही. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५ टक्के, १६ ते २० वर २० टक्के, आणि असं पुढं २४ लाखांवरच्या उत्पन्नाला ३० टक्क्यांपर्यंत. (करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर वेगळी सवलत मिळून साधारणतः कर शून्य होतो, ती बाजूला ठेवू.) करपात्र उत्पन्न १६ लाख असेल तर दुसऱ्या टप्प्याचे २० हजार, तिसऱ्याचे ४० हजार, चौथ्याचे ६० हजार, मिळून १ लाख २० हजार. आता उत्पन्न आणखी १० हजारांनी वाढलं. २० टक्के लागतील ते फक्त या १० हजारांवर, म्हणजे २ हजार. ८ हजार हातात राहतातच.

या रकमेवर आणखी ४ टक्के ‘आरोग्य व शिक्षण उपकर’ चढतो. १ लाख २० हजारांवर ४ हजार ८०० रुपये. या उपकराची गोष्ट वेगळी आहे आणि तिला आपण शेवटाकडे हात घालणार आहोत.

५. मिठाची गोष्ट

आता सोसायटीच्या सभेकडे. सक्ती आहे पण सभा नाही, असं झालं तर काय होतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवलेलं आहे.

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग आला, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढं निवेदन मांडलं. त्यातला मुद्दा थेट कराचा होता. सरकारचं बहुतेक उत्पन्न शेतकऱ्याच्या घामातून येतं आणि त्याचा मोठा भाग वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र साधी प्राथमिक शाळा नाही. पैसा येतो कुणाकडून आणि जातो कुणाकडे, हे दोन प्रश्न एका दमात विचारायचे असतात, ही जाण फुल्यांनी इतक्या लवकर दिली. आजही कराच्या कुठल्याही चर्चेची मला हीच योग्य सुरुवात वाटते.

वीस वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, कलकत्त्याच्या विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. वय ३५. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मांडून समाधानात होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढं ठेवून दाखवलं की ही शिल्लक भरभराटीची खूण नाही. लागोपाठच्या दुष्काळांनी मोडलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर ओढला जातो आहे, म्हणून तिजोरीत पैसे उरतात. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. मीठ गरीब आणि श्रीमंत जवळजवळ सारखंच खातात, म्हणजे रिचार्जचंच गणित, कितीतरी निर्दय. गोखल्यांनी मिठावरचा कर उतरवावा आणि आयकर लागू होण्याची मर्यादा वार्षिक ५०० रुपयांवरून वाढवावी, असं सुचवलं.

त्या सभागृहात सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलता येई, मत देता येत नसे. तरीही वर्षभरात, १९०३ साली, मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची मर्यादा हजार रुपये झाली. १९०७ पर्यंत मिठावर मणामागे एकच रुपया उरला. आकड्यांचा नीट अभ्यास करून बोलणारा एक माणूस किती करू शकतो याचं हे उदाहरण. पण त्यावर विसंबून राहता येत नाही, हेही पुढं दिसलं. १९२३ साली सरकारनं मिठाचा कर पुन्हा अडीच रुपये करायचं ठरवलं. आता निवडून आलेले सदस्य होते, त्यांना मतही होतं आणि त्यांनी तो फेटाळला. व्हाइसरॉयनं आपल्या खास अधिकारात तो तरीही लागू केला. १९३० साली गांधीजी दांडीला गेले, आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मीठ उचललं, तेव्हा मूठभर मिठामागे हा सगळा इतिहास होता. १९४७ साली तो कर संपला.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद २६५ एका वाक्याचा आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. १९२३ ची आठवण ठेवून वाचलं तर त्याचं वजन कळतं. आणि पैसे जमा झाले म्हणून मंत्र्याला ते खर्च करता येत नाहीत. केंद्राचे पैसे भारताच्या एकत्रित निधीत जातात, राज्याचे राज्याच्या, आणि विनियोजन विधेयक मंजूर झाल्याशिवाय त्यातून रुपया काढता येत नाही. दर वर्षी अर्थसंकल्प मांडावा लागतो तो त्यासाठी. कर घ्यायलाही सभा लागते आणि खर्च करायलाही.

६. केंद्राचा एक रुपया

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारनं रुपयाची फोड दिली आहे. येणाऱ्या रुपयात आयकराचे २२ पैसे, जीएसटीचे १८, कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराचे १७, उत्पादन शुल्काचे ५, सीमाशुल्काचे ४. सार्वजनिक कंपन्यांचा लाभांश वगैरे करेतर उत्पन्नाचे ९ आणि मालमत्ता विक्रीसारख्या मार्गांनी १. उरलेले २४ पैसे कर्जाचे.

जाणाऱ्या रुपयात राज्यांचा वाटा २२ पैसे, व्याज २०, केंद्राच्या स्वतःच्या योजना १६, संरक्षण ८, राज्यांबरोबर भागीदारीतल्या योजना ८, वित्त आयोगाची अनुदानं आणि इतर हस्तांतरं ८, अनुदानं (धान्य, खत वगैरे) ६, निवृत्तिवेतन ४, बाकी इतर ८.

यातल्या दोन आकड्यांवर थांबायला हवं. २४ पैसे कर्ज आणि २० पैसे व्याज: आज घेतलेल्या कर्जाचा बराचसा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाइतकाच आहे. कर्ज वाईटच असं नाही. पन्नास वर्षं चालणाऱ्या रेल्वेमार्गाचा खर्च एका वर्षाच्या करदात्यांकडून काढण्यापेक्षा तो वापरणाऱ्या पुढच्या पिढीनंही उचलला तर त्यात न्याय आहे. रोजचा खर्च भागवायला कर्ज काढलं तर मात्र पुढच्या पिढीला फक्त व्याज मिळतं, रेल्वे नाही.

दुसरा आकडा राज्यांच्या २२ पैशांचा. केंद्रानं गोळा केलेल्या करांत राज्यांचा हक्काचा वाटा असतो आणि तो किती, हे दर पाच वर्षांनी नेमलेला वित्त आयोग सुचवतो. हा केंद्र-प्रांत वाटपाचा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातल्या प्रबंधासाठी निवडला होता. ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं ते पुस्तक १९२५ साली प्रसिद्ध झालं. पंधराव्या वित्त आयोगानं वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. उत्तर प्रदेशाचा १७.९३९.

इथं मराठी माणूस हमखास चिडतो: मुंबई एवढा कर भरते आणि आपल्याला एवढंच? रागात काही तथ्य आहे. पण मुंबईत भरलेला सगळा कर मुंबईत कमावलेला नसतो. कंपनीचं मुख्य कार्यालय नरिमन पॉइंटला किंवा बीकेसीत असतं, तिचा माल मात्र पाटण्यात आणि गुवाहाटीत खपतो, आणि नफ्यावरचा कर मुख्य कार्यालय भरतं. शिवाय वाटपाचा हेतूच असा आहे, की बिहारमधल्या मुलीला शाळा आणि दवाखाना मिळणं हे तिच्या राज्याच्या श्रीमंतीवर पूर्णपणे अवलंबून राहू नये. मराठवाड्यासाठी आपण मुंबई-पुण्याकडून जे मागतो, तेच हे आहे.

७. पगारातले दोनशे रुपये

आणि मराठवाड्याचं नाव निघालंच आहे, तर महाराष्ट्रानं केलेलं एक काम सविस्तर सांगायला हवं. करातून काय होऊ शकतं याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात ‘पीटी’ म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३००, असे वर्षाचे २,५००. संविधानानंच या कराला ही वार्षिक मर्यादा घातली आहे. हा व्यवसाय कर. बहुतेकांना तो आयकराचं शेपूट वाटतो. खरं म्हणजे तो राज्याचा आहे आणि त्याचा जन्म दुष्काळात झाला.

१९७२ चा दुष्काळ आमच्या आधीच्या पिढीच्या हाडात होता. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली आणि माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. मुलांना सुकडी वाटली जायची. एवढ्या मोठ्या दुष्काळात भूकबळींचं थैमान टळलं, ते या कामांमुळं.

पण दुष्काळ संपला की कामं बंद, हे बरोबर नाही, असं म्हणणारा एक माणूस विधान परिषदेच्या सभापतिपदावर होता: वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात त्यांनी साठच्या दशकातच हा प्रयोग करून पाहायला लावला होता. ज्याला काम हवं त्याला सरकारनं अंगमेहनतीचं काम दिलंच पाहिजे. दया म्हणून नाही, हक्क म्हणून. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारनं ही कल्पना राज्यभर नेली. ‘मागेल त्याला काम’ हे तिचं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता.

हक्क द्यायचा म्हणजे पैसे दर वर्षी हवेत, सरकारचा हात सढळ असेल तेव्हाच नव्हे. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला. त्याच्या जोडीला मोटारींवर, विक्रीवर, बागायती जमिनीवर, शहरांतल्या बिगरनिवासी मालमत्तांवर जादा आकारणी आली, आणि यातून जेवढे जमतील तेवढेच पैसे राज्य सरकारनं आपल्या तिजोरीतून घालावेत असं ठरलं. दुकानाच्या किंवा ऑफिसच्या जागेच्या मालमत्ता कराच्या बिलात ‘रोजगार हमी उपकर’ अशी ओळ असते, ती त्यातलीच. फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बीड-सोलापूरच्या बाईच्या हजेरीपटावर पोचावेत, अशी ही सरळ रचना होती.

त्यातून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, रस्ते झाले. हजेरीपटावर स्त्रियांचं प्रमाण फार मोठं होतं; अनेकींच्या हातात स्वतःच्या नावानं मिळालेली ही पहिली मजुरी होती. १९९० पासून याच योजनेला फळबागा जोडल्या गेल्या आणि कोकणातल्या आंब्याच्या, सोलापूर-नाशिकच्या डाळिंबाच्या अनेक बागा त्यातून उभ्या राहिल्या. खोटे हजेरीपट झाले, मुकादमांनी पैसे खाल्ले, अर्धवट कामं सोडली गेली, हेही खरं आणि त्याविरुद्ध गावोगाव लढेही झाले. ते लढे होऊ शकले, कारण काम हा हक्क होता. २००५ साली संसदेनं देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा तीन दशकांचा अनुभव होता.

८. उपकराची फट

विशिष्ट कामासाठी म्हणून घेतलेल्या कराला उपकर म्हणतात. कल्पना चांगली: लोकांना कारण कळतं आणि पैसे तिथंच जातात. अडचण ‘तिथंच जातात’ या दोन शब्दांत आहे.

आयकरावरचे ते ४ हजार ८०० रुपये आठवा. केंद्राचे उपकर आधी एकत्रित निधीत जमा होतात आणि मग ज्या कामासाठी घेतले त्याच्या राखीव निधीत वळते करायचे असतात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांनी २०१८-१९ चा हिशोब तपासला तेव्हा त्या वर्षी उपकर आणि तत्सम आकारण्यांतून जमलेल्या सुमारे २.७४ लाख कोटी रुपयांपैकी साधारण १.६४ लाख कोटीच राखीव निधींत पोचल्याचं आढळलं. शिवाय उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. म्हणजे तोच रुपया साधा कर म्हणून घेतला तर त्यात महाराष्ट्राचा हिस्सा असतो आणि उपकर म्हणून घेतला तर नसतो. गेल्या काही वर्षांत उपकरांवर इतका भर का आला, याचं बरंचसं उत्तर इथं आहे. मला हे अयोग्य वाटतं. ज्या कारणासाठी मागितले त्या कारणासाठी खर्च झाले नाहीत, तर पुढच्या वेळी लोक खरं कारणही खरं मानत नाहीत.

हे उघडकीला आलं, कारण कॅगचा अहवाल संसदेपुढं ठेवणं संविधानानं बंधनकारक केलं आहे. तो पुढं लोकलेखा समितीकडे जातो आणि संसदेत या समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात आहे. राज्यातही हीच रीत. हे अहवाल कुणालाही वाचता येतात, आणि बातम्यांत येतात त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांत असतं: कोणत्या जिल्ह्यात यंत्र आणून पडून राहिलं, कुठल्या धरणाचा खर्च किती पट झाला, कोणत्या योजनेचे पैसे मार्चअखेर घाईनं काढून बँकेत ठेवले.

९. गावातला हिशोब

दिल्ली-मुंबईचे आकडे लांबचे वाटतात. ज्या पैशांचा माग सगळ्यात सहज काढता येतो ते आपल्या ग्रामपंचायतीचे. घरपट्टी आणि पाणीपट्टी आपण तिथंच भरतो. त्याखेरीज वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतींना येतो. पंधराव्या आयोगानं २०२१ ते २०२६ साठी त्याचे दोन भाग केले: ६० टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचे, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावानं गरजेप्रमाणे ठरवायचे. या निधीचा आराखडा आणि खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव घालून पाहता येतो. कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्ची पडलेली रक्कम, सगळं तिथं असतं.

तो कागद छापून ग्रामसभेला घेऊन जावं. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणसंख्येला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. गटाराच्या कामावर खर्च दाखवला असेल, तर ते गटार कोणत्या आळीत आहे ते विचारावं. पाण्याच्या टाकीवर दाखवला असेल, तर टाकीला पाणी कधीपासून येतं ते विचारावं. आणि मिळालेलं उत्तर ग्रामसेवकाला इतिवृत्तात लिहायला लावावं.